‘हात कुणी लावला?’ नव्हे, ‘कारण काय?’



आज जो प्रसंग आम्ही सांगणार आहोत तो तसा लहान आहे. संगणक आणि प्रिंटर यांचे एकमेकांशी जमेना, एवढेच. पण त्या प्रसंगात आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक घराघरांत, विहारात आणि कारखान्यात रोज होत असते, म्हणून ती लपवून न ठेवता सांगावी असे वाटले. सांगता सांगता असा बिघाड कसा शोधायचा हेही लिहीत आहोत. हे पान जपून ठेवल्यास कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

त्या रविवारी काय घडले

पिंपरी-चिंचवडमधील आमच्या वस्तीत विहाराला लागूनच एक अभ्यासिका आहे. पत्र्याचे छप्पर, दोन लांब बाके, पुस्तकांचे एक कपाट, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात एक संगणक व एक प्रिंटर. ही यंत्रे कुणा पुढाऱ्याने दिलेली नाहीत. घरटी वर्गणी काढून ती घेतली. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनी त्यात पन्नास-पन्नास रुपये घातले आहेत. त्यामुळे त्या कोपऱ्याकडे आम्ही सगळेच जरा जास्त काळजीने पाहतो. भिंतीवर इंटरनेटचा राऊटर बसवला आहे. पोरे त्याला ‘वायफायचा डबा’ म्हणतात. संगणकाची एक वायर आणि प्रिंटरची एक वायर त्या डब्यात जाते.

त्या रविवारी वंदना झाल्यावर सहा-सात विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जाचे कागद छापून घ्यायला थांबले होते. महाडीबीटीवर अर्ज भरून झाले होते. त्याची छापील प्रत आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती सोमवारी सकाळी कॉलेजात द्यायच्या होत्या. छापायची आज्ञा दिली, तर पडद्यावर आले : प्रिंटर ऑफलाइन. पुन्हा दिली, पुन्हा तेच. प्रिंटरचा दिवा तर लागलेला, कागद भरलेला, शाईही होती.

आम्ही कारकून माणसे. कागद अडला की तो कुणाच्या टेबलावर अडला हे आधी विचारायची आम्हाला सवय. आम्ही लगेच विचारले, “काल इथे कोण बसले होते?” सहावीतला एक मुलगा शनिवारी संध्याकाळी संगणकावर चित्र काढत बसला होता, असे कुणीतरी सांगितले. झाले! सगळ्यांसमोर आम्ही त्याला म्हणालो, “तूच हात लावला असशील. शंभर वेळा सांगितले, नको तिथे हात लावू नकोस.” पोरगा काही बोलला नाही, खाली मान घालून उभा राहिला. त्याची आई भोसरीच्या एका शेडमध्ये कंत्राटी झाडलोट करते. ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, “भाऊ, किती खर्च येईल? हप्त्याहप्त्याने देते मी.”

ते शब्द ऐकूनही आम्ही गप्प राहिलो. एवढ्यात आणखी एकाने निकाल देऊन टाकला, “प्रिंटरच गेला असणार. नवाच घ्यावा लागेल.”

पहिला प्रश्न

तेवढ्यात वस्तीतलीच एक मुलगी आली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला ट्रेनी. रात्रपाळी करून चार तास झोपून आली होती. गर्दी पाहून तिने विचारले, “काका, काय चालू आहे आणि काय बंद आहे?”

आमच्या आणि तिच्या प्रश्नातला फरक वाचकांनी ध्यानात घ्यावा. आम्ही विचारले ‘कुणी’. तिने विचारले ‘काय’.

तिने संगणकावर इंटरनेट उघडून पाहिले. ते चालू होते. मग ती मुलांना म्हणाली, “बघा, इंटरनेट येते म्हणजे संगणकापासून डब्यापर्यंतचा रस्ता ठीक आहे. राहिला डब्यापासून प्रिंटरपर्यंतचा. निम्मे काम झाले.” मोठा रस्ता मधोमध तोडायचा, कुठला अर्धा चांगला हे ठरवायचे आणि उरलेल्या अर्ध्यात शोधायचे, ही तिची रीत. निगडीहून निघालेली बस पिंपरीला पोहोचली नाही, तर चिंचवडच्या थांब्यावर विचारावे, म्हणजे अर्धा रस्ता आपोआप सुटतो. तसेच हे.

वायर आणि दिवे

मग तिने वायर पाहिली. या वायरीत आठ बारीक तारा असतात. दोन-दोन तारांना पीळ घालून चार जोड्या केलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नाही. शेजारच्या विजेचा त्रास त्यामुळे कमी होतो. टोकाला जी पारदर्शक पिन असते तिच्या पाठीवर प्लास्टिकची एक जिभली असते. पिन नीट बसली की ‘टक्’ असा आवाज येतो. जिभली तुटली की पिन बसल्यासारखी दिसते, पण टेबल हलले की सुटते. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, असे तिचे म्हणणे. अशा वायरीची एका दमातली लांबी शंभर मीटरच्या आत ठेवावी लागते. त्यापुढे मधे स्विच बसवावा लागतो.

पिन जिथे बसते तिथे बहुतेक यंत्रांवर एक-दोन बारीक दिवे असतात. दिवा लागला तर दोन्ही टोकांची यंत्रे जिवंत आहेत आणि वायर जोडलेली आहे असे समजावे. लुकलुकत असेल तर देवाणघेवाण चालू आहे. मुळीच लागत नसेल तर पत्ते, सेटिंग वगैरेंच्या मागे लागू नये. आधी चांगली म्हणून माहीत असलेली दुसरी वायर लावून पाहावी, मग डब्याचे भोक बदलून पाहावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम सुरू झाले, तर बिघाड कशात होता हे कधीच कळत नाही.

आमच्या प्रिंटरचे दिवे लागलेले होते, म्हणजे वायरही ठीक होती.

इथे आम्ही मधेच म्हणालो, “सगळे बंद करून चालू करू या का?” ती हसली. “काका, तसे करायला हरकत नाही. डबा बंद करायचा, अर्धा मिनिट थांबायचे, चालू करून दोन मिनिटे थांबायचे आणि मग प्रिंटर लावायचा. पुष्कळदा जमते. पण आधी पाहून लिहून घ्या, मग बंद करा. आधीच बंद केले तर पुरावा पुसला जातो.” कचेरीत फायलीवरचा शेरा वाचण्याआधी फाईल फाडून टाकावी, तसेच ते झाले असते. आम्ही गप्प बसलो.

खोली नंबर चार

आता मुख्य गोष्ट. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. तो चार आकड्यांचा असतो आणि मधे टिंबे असतात, जसे १९२.१६८.१.४. आपल्या प्राधिकरणात पत्ता कसा सांगतात? सेक्टर अमुक, बिल्डिंग अमुक, खोली अमुक. तसेच हे समजावे. घरात किंवा अभ्यासिकेत बहुतेक वेळा पहिले तीन आकडे म्हणजे बिल्डिंग आणि शेवटचा आकडा म्हणजे खोली. एकाच बिल्डिंगमधल्या यंत्रांना एकमेकांचे दार थेट ठोठावता येते. बिल्डिंग वेगळी असेल तर मधे कुणी नेणारा लागतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते जगभर घरातल्या आणि कारखान्यातल्या वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. म्हणून आपल्या डब्यातही तेच दिसतात आणि परदेशातल्या घरांतही तेच.

आपल्या संगणकाला कोणता पत्ता मिळाला हे पाहायचे असल्यास कीबोर्डवरील विंडोजची खूण असलेली कळ आणि आर ही कळ एकदम दाबावी. चौकट येते, तिच्यात इंग्रजी अक्षरांत सीएमडी लिहून एंटर दाबावे. काळा पडदा उघडतो. त्यावर आयपीकॉन्फिग असे सलग लिहून एंटर दाबावे. ‘आयपीव्ही४’ या ओळीसमोर आपला पत्ता असतो. ‘डिफॉल्ट गेटवे’ समोर डब्याचा पत्ता असतो. आपला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डब्याने आपल्याला पत्ता दिलेलाच नाही आणि संगणकाने कंटाळून स्वतःच एक पत्ता घेतला आहे, असे समजावे. मग पुन्हा वायरीकडे आणि डब्याकडे वळावे.

त्याच काळ्या पडद्यावर पिंग असे लिहून, एक जागा सोडून, ज्याला हाक मारायची त्याचा पत्ता लिहावा. विंडोजचा संगणक चार हाका मारतो आणि किती उत्तरे आली ते सांगतो. हा पिंग माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ साली लिहिला. पाण्याखाली पाणबुडी शोधताना आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी जगभरचे तंत्रज्ञ आजही आधी हीच हाक मारतात.

ताईने पाहिले, आमचा संगणक प्रिंटरला १९२.१६८.१.४ या पत्त्यावर शोधत होता. तिने त्या पत्त्याला पिंग केले. उत्तर आले! आम्ही म्हणालो, “म्हणजे प्रिंटर आहे की तिथे.” ती म्हणाली, “कुणीतरी आहे, काका. प्रिंटरच आहे हे कशावरून?”

मग तिने प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्कच्या माहितीचा कागद काढला. नेटवर्कवर चालणाऱ्या बहुतेक प्रिंटरना असा कागद काढता येतो, त्याला संगणक लागत नाही. त्यावर प्रिंटरचा पत्ता छापून आला : १९२.१६८.१.७. सगळी पोरे ओरडली. प्रिंटर खोली नंबर सातमध्ये राहायला गेला होता आणि आम्ही चार नंबरचे दार वाजवत बसलो होतो. मग चार नंबरमध्ये कोण होते? डब्याच्या यादीत पाहिले, तर आमच्याच खिशातला मोबाईल.

हे झाले कसे? शुक्रवारी वीज गेली तेव्हा कुणीतरी काळजी म्हणून प्रिंटरचे बटण बंद केले, ते रविवार सकाळपर्यंत बंदच राहिले. वीज आल्यावर डबा नव्याने सुरू झाला आणि आधीची यादी विसरला. शनिवारी आम्ही अभ्यासिकेत आलो, मोबाईलने वायफाय धरले, डब्याने त्याला मोकळी दिसलेली चार नंबरची खोली देऊन टाकली. रविवारी प्रिंटर उठला तेव्हा त्याला सात नंबर मिळाला. संगणकाला हे कुणी कळवले नाही. प्रिंटर चांगला, संगणक चांगला, वायर चांगली. फक्त पत्ता बदललेला.

मुलाने चित्र काढले, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ‘हात कुणी लावला’ याचेच उत्तर हवे असेल, तर ते आमच्याच खिशात होते.

उपाय दहा मिनिटांत झाला. संगणकात प्रिंटरच्या ‘पोर्ट’ या ठिकाणी नवा पत्ता घातला. सहा-सात जणांचे कागद छापून झाले. त्यानंतर पुन्हा असे होऊ नये म्हणून तिने डब्यात प्रिंटरच्या नावावर एक खोली कायमची राखून ठेवली. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच बारा अक्षरी क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. त्या क्रमांकाचे यंत्र आले की हाच पत्ता द्यायचा, असे डब्याला सांगून ठेवता येते. खर्च आला शून्य रुपये.

चाकणच्या शेडमध्ये

चहा पिताना तिने चाकणच्या पट्ट्यातली एक हकीकत सांगितली. कारखान्याचे नाव तिने घेतले नाही, आम्हीही विचारले नाही.

आपल्या भागातला कामगार यंत्रांना नवा नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्याच साली २५ डिसेंबरला बाबासाहेबांच्या हस्ते शेजारच्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड भरत गेले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून आपली माणसे इकडे आली आणि लेथवर, प्रेसवर, फाउंड्रीत उभी राहिली. आता त्यांची नातवंडे चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या बसमधून पाळीला जातात. आजच्या यंत्राला पान्हा लागतो तसा संगणकही लागतो. यंत्राच्या कपाटात पीएलसी म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक असतो आणि त्याच्याशी लॅपटॉप जोडून बोलावे लागते. तिथेही तीच वायर, तेच दिवे, तेच पत्ते.

फरक एवढाच की कारखान्यात पत्ते वाटणारा डबा बहुधा नसतो. यंत्रांना पत्ते हाताने दिलेले असतात. यंत्र १९२.१६८.०.१० वर आणि लॅपटॉप १९२.१६८.१.५० वर असेल, तर वायर जोडूनही दोघे बोलत नाहीत, कारण बिल्डिंग वेगळी. लॅपटॉपला हाताने त्याच बिल्डिंगमधली मोकळी खोली द्यावी लागते. आणखी एक त्रास म्हणजे मोटारीची जाड केबल आणि ही बारीक वायर एकाच नळीतून नेली, तर मोटार सुरू होताच संपर्क तुटू शकतो. त्या दोन वेगळ्या नेल्याच पाहिजेत.

हकीकत अशी. एका यंत्राचा संपर्क रोज दुसऱ्या पाळीत तुटायचा. पहिल्या पाळीत सगळे सुरळीत. दुसऱ्या पाळीत यंत्रावर एक कंत्राटी मुलगा असायचा. सुपरवायझरचा निष्कर्ष तयार : “हाच काहीतरी करतो.” त्याला गेटबाहेर काढायची भाषा सुरू झाली. घरी आजारी वडील, दोन बहिणी, भाड्याची खोली. कंत्राटी माणसाला बाहेर काढायला नोटीसही लागत नाही, उद्यापासून येऊ नको म्हटले की झाले.

आपल्या या मुलीने आठ दिवस एका वहीत नोंद ठेवली : किती वाजता तुटले, दिवा लागलेला होता का, पिंगला उत्तर आले का, त्या वेळी शेडमध्ये आणखी काय चालू झाले. दिवा दर वेळी लागलेला होता, म्हणजे वायर ठीक. मग एके दिवशी संपर्क तुटल्यावर साहेबांची परवानगी घेऊन, यंत्र थांबवून तिने त्या यंत्राची वायरच काढली आणि त्याच पत्त्याला पिंग केले. वायर हातात, तरी उत्तर आले! म्हणजे त्या पत्त्यावर दुसरे कुणीतरी बसले होते. शोधता शोधता कळले, की पलीकडच्या शेडमध्ये संध्याकाळी चाचणीचा एक लॅपटॉप त्याच नेटवर्कला जोडतात आणि त्याला नेमका हाच पत्ता दिलेला आहे. एका खोलीचे दोन भाडेकरू! टपाल कधी याच्याकडे जाणार, कधी त्याच्याकडे. लॅपटॉपचा पत्ता बदलला, त्यानंतर यंत्र एकदाही अडले नाही.

मुलगा कामावर राहिला. तो वाचला तो कुणाच्या दयेने नाही, वहीतल्या नोंदीने वाचला.

हात लावण्याचा हक्क

घरी आल्यावर आम्हाला झोप लागेना. “नको तिथे हात लावू नकोस” हे शब्द आमच्या तोंडून आलेच कसे?

हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. पाणवठ्याला हात लावू नको, दाराला हात लावू नको. यंत्रालाही! मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त असे, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर शटलमधला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपल्या माणसाच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. पुढे १९४२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान आणि तांत्रिक शिक्षणाची सोय मागितली. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असतानाच, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या रविवारी अभ्यासिकेत जे अर्ज अडले होते ते याच शिष्यवृत्तीचे होते! ज्या महामानवाने आपला हात यंत्रापर्यंत पोहोचावा म्हणून झगडा केला, त्याच्या फोटोखाली उभे राहून आम्ही एका मुलाला ‘हात लावू नकोस’ म्हणत होतो.

आणि चौकशीशिवाय दोषी ठरवले जाण्याचे दुःख आपल्याइतके कुणाला माहीत आहे? गावात चोरी झाली की आधी महारवाड्यात शोधायचे, ही रीत आपल्या आजोबांनी भोगली. तीच रीत आपण आपल्या लेकरावर चालवावी काय?

तथागतांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना सांगितले ते आपण विहारात नेहमी ऐकतो. कुणी सांगितले म्हणून, पूर्वापार चालत आले म्हणून, मोठ्या माणसाचे म्हणणे म्हणून काही खरे मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. प्रतीत्यसमुत्पादही तेच शिकवतो, कारणाशिवाय कार्य नाही. धम्माची शिकवण माणसाने माणसाशी कसे वागावे यासाठी आहे, प्रिंटरसाठी नाही, हे आम्हाला समजते. पण जो माणूस प्रिंटर अडला तरी कारण न शोधता लेकराला दोषी धरतो, तो मोठ्या प्रश्नात काय न्याय करणार?

आपल्या विहारात काय करता येईल

ज्या ज्या विहारात, मंडळात किंवा घरात संगणक आहे, तिथे पुढील गोष्टी सहज करता येतील.

एक, डब्याजवळ एक कागद चिकटवावा. कोणत्या यंत्राचा पत्ता काय, कोणती वायर कुठून कुठे जाते, हे त्यावर लिहावे. वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहून चिठ्ठी लावावी. डब्याचा पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नये, तो दोन जबाबदार माणसांकडे असावा.

दोन, चांगली चालणारी एक जादा वायर कपाटात ठेवावी. तिच्यामुळे किती वेळ वाचतो हे अनुभवाने कळेल.

तीन, एक वही ठेवावी. तिच्यात पाच रकाने : तारीख, काय बंद पडले, काय चालू होते, काय करून पाहिले, कारण काय निघाले. ‘कोणी केले’ असा रकाना ठेवू नये.

चार, पाहण्याचा क्रम पाठ करावा : वीज, वायर, दिवा, पत्ता, हाक. क्रम सोडून उड्या मारू नयेत. एक ध्यानात ठेवावे, काही यंत्रे सुरक्षेसाठी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. उत्तर आले नाही म्हणजे यंत्र मेले असे नव्हे, आणि उत्तर आले म्हणजे ते आपलेच यंत्र असेही नव्हे.

पाच, जिवाची काळजी घ्यावी. डबा, प्रिंटर किंवा विजेचा बोर्ड उघडू नये. ओल्या हाताने प्लग काढू नये. कारखान्यात तर परवानगीशिवाय कोणत्याही यंत्राचा पत्ता बदलू नये किंवा वायर काढू नये. चालू यंत्राचा संपर्क तोडल्यास एखाद्याचा हात जाऊ शकतो.

सहा, फसवणुकीपासून सावध राहावे. इंटरनेटवर ‘मदत केंद्र’ म्हणून सापडलेल्या अनोळखी नंबरला फोन करून आपल्या संगणकाचा ताबा त्याला देऊ नये, ओटीपी सांगू नये. माहीतगार दुरुस्तीवाला जरूर बोलवावा, पण त्याला ‘बंद पडलाय’ एवढेच न सांगता आपली वही दाखवावी. काय चालते, काय चालत नाही हे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला नवे यंत्र गळ्यात मारणे सोपे नसते.

सात, महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर हे शिकवावे. आपल्याच वस्तीत चाकण-भोसरीला काम करणारी शिकलेली मुले-मुली आहेत, त्यांना बोलवावे. मुलींना पुढच्या बाकावर बसवावे. आयांनाही बसवावे, काळा पडदा पाहून घाबरण्यासारखे त्यात काही नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांतला पहिला शब्द ‘शिका’ आहे, आणि तो फक्त शाळेपुरता नाही.

शेवटी

पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही त्या मुलाला पुढे बोलावले. ज्यांच्यासमोर रागावलो होतो त्यांच्यासमोरच म्हणालो, “बाळा, तुझी काही चूक नव्हती. चूक आमची होती. आम्हाला माफ कर.” त्याच्या आईकडे पाहून म्हणालो, “ताई, तुम्ही एक रुपया द्यायचा नव्हता, आणि तो शब्दही तुमच्यावर यायला नको होता.” तिने पदराने डोळे पुसले आणि “राहू द्या हो भाऊ” एवढेच म्हणाली. पोरगा मात्र लाजून ताईच्या मागे लपला.

आता अभ्यासिकेची वही त्याच्याच हाती आहे. अक्षर वाकडेतिकडे, पण नोंदी पक्क्या. परवा इंटरनेट बंद पडले तेव्हा आम्ही सवयीने विचारणार होतो, “कुणी...” आणि जीभ चावली. तो आधीच डब्याखाली वाकून दिवे पाहत होता. थोड्या वेळाने त्याने वहीत लिहिले : संगणकाच्या वायरीची जिभली तुटली, जादा वायर लावली, चालू झाले. पुढच्या रकान्यात त्याने कारणही लिहिले : वायर बाकाच्या पायाखाली आली होती.

बाक कुणी सरकवला होता, ते त्याने लिहिलेले नाही. आम्ही विचारलेही नाही. बाकाखालून वायर काढून ती भिंतीला खिळ्याने बसवून घेतली.

जय भीम! नमो बुद्धाय!